यूट्यूबवर सोकोलोवना कुणी आणलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात पियानो शिकणारी चौदा वर्षांची मुलगी गेलं वर्षभर यूट्यूबवर ग्रिगोरी सोकोलोव या रशियन पियानोवादकाशिवाय दुसरं काही ऐकायला तयार नाही. तिच्या वडिलांना कोडं पडलंय, आणि त्यांनी ते मला लिहून कळवलंय. हा माणूस स्वतः काही टाकत नाही, मुलाखती देत नाही, पडद्यावर बघावं तर हसतसुद्धा नाही, आणि तरी त्याच्या क्लिपांखाली जगभरची माणसं ‘हयात असलेल्यांतला सर्वांत मोठा’ असं लिहून जातात. यात खरं किती, हवा किती? पोरीनं नेमकं काय ऐकावं? आणि त्या क्लिपमधल्या मुरक्या घरच्या पियानोवर जमत नाहीत म्हणून ती रडकुंडीला येते, त्याचं काय करायचं?

आधी एक सांगतो, मी वादक नाही. पियानो लावणं, दुरुस्त करणं हे माझं काम, आणि ते मी मुंबई-पुण्यात तीसेक वर्षं करतोय. त्यामुळे माझं उत्तर कारागिराचं आहे. शेवटच्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त खात्रीनं बोलू शकतो, पण त्याकडे जायला पहिले दोन ओलांडावे लागतील.

चरित्र फार नको. जन्म १९५० चा, लेनिनग्राडचा, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गचा. १९६६ साली, सोळाव्या वर्षी, मॉस्कोची चायकोव्स्की स्पर्धा जिंकली. परीक्षक मंडळाचे प्रमुख होते नामवंत सोव्हिएत पियानोवादक एमिल गिलेल्स. हॉलमधल्या लोकांचा जीव मात्र मिशा डिख्टर या अमेरिकन स्पर्धकावर जडला होता, त्यामुळे या शाळकरी पोराचा पहिला नंबर बऱ्याच जणांना रुचला नाही. एवढं मोठं बक्षीस मिळालेल्या माणसाची पुढे जगभर रेकॉर्डांची रांग लागायला हवी होती. तसं झालं नाही. सोव्हिएत काळात ‘मेलोदिया’ या सरकारी कंपनीच्या काही तबकड्या निघाल्या, १९९० च्या दशकात एका फ्रेंच कंपनीनं त्यांच्या मैफलींच्या सीडी काढल्या, आणि मग बराच काळ जवळजवळ सामसूम. स्टुडिओत बसून वाजवायचं नाही, जे काही बाहेर येईल ते श्रोत्यांपुढे वाजवलेलंच असेल, आणि तेही स्वतः ऐकून होकार दिल्याशिवाय जाणार नाही, असा त्यांचा शिरस्ता. पुढे तर ऑर्केस्ट्राबरोबर वाजवणंही त्यांनी सोडून दिलं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या सामसुमीत आहे. कलाकार हयात आहे, दर वर्षी युरोपभर साधारण सत्तर मैफली करतोय, प्रत्येक हॉल भरतोय, आणि दुकानात त्याचं नवं काहीच मिळत नाही. अशा वेळी श्रोते काय करतात? आपल्याकडे जे केलं तेच करतात. गिरगाव-दादरच्या घरांमधून कितीतरी वर्षं स्पूल आणि कॅसेटी हातोहात फिरत होत्या. कुणाच्या तरी दिवाणखान्यातली बैठक, मध्येच कपबशीचा आवाज, कुणाचं तरी ‘क्या बात है’, आणि कॅसेटच्या पाठीवर बॉलपेननं लिहिलेलं रागाचं नाव. बाजारातल्या रेकॉर्डपेक्षा त्या कॅसेटीचा भाव जास्त, कारण ती कुणीतरी विश्वासानं दिलेली असायची. अन्नपूर्णादेवींनी जाहीर वादन सोडलं आणि आयुष्याचा मोठा काळ मुंबईतल्या घरात काढला. त्यांचं आज जे थोडंफार सूरबहार ऐकायला मिळतं, ते अशाच खाजगी मुद्रणांमुळे. सोकोलोवांचंही तसंच झालं. फरक इतकाच, की ते रोज वाजवत होते.

युरोपातल्या सरकारी रेडिओंनी त्यांच्या मैफली प्रक्षेपित केल्या, संग्राहकांनी त्या उतरवून घेतल्या. काहींनी थेट हॉलमध्ये खिशातलं यंत्र चालू ठेवलं, जे अर्थातच नियमात बसत नाही. त्यातून संग्राहकांना एक अनपेक्षित चंगळ मिळाली. सोकोलोव एका हंगामात एकच कार्यक्रम घेऊन फिरतात. त्याच रचना, तोच क्रम, शहर फक्त बदलतं. म्हणजे एकच सोनाटा (दोन-चार भागांची मोठी रचना) आज व्हिएन्नात कसा झाला आणि तीन आठवड्यांनी बर्लिनला कसा झाला, हे शेजारी शेजारी ठेवून ऐकता येतं. आपल्याकडचे जुने शौकीन ‘मन्सूरांचा तो पुण्यातला की तो धारवाडचा’ यावर रात्र जागवायचे, तोच हा आजार. यूट्यूब आलं तेव्हा हा सगळा माल तयार होता. तो संग्राहकांनीच वर चढवला. सोकोलोवांची ऑनलाइन कीर्ती त्यांच्या श्रोत्यांनी उभी केली. त्यात त्यांच्या स्वतःच्या बोटाचं एक क्लिकही नाही.

उरलेलं अर्धं उत्तर मात्र तंत्राचं आहे आणि ते सहसा कुणी सांगत नाही.

२००६ ते २०१० या काळात यूट्यूबवर साध्या खात्यावरून दहा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ टाकता येत नव्हता. २०१० च्या जुलैत ती मर्यादा पंधरा मिनिटांची झाली, आणि त्याच वर्षाअखेरीस हळूहळू उठली. संगीताची पहिली मोठी लाट चढली ती या दहा मिनिटांच्या काळात. आता सोकोलोवांची मैफल कशी असते ते बघा. दोन भाग, मध्ये विश्रांती, आणि कार्यक्रम संपल्यावर वन्समोअर. आपल्या संगीत नाटकातला वन्समोअर म्हणजे तेच पद पुन्हा. यांच्याकडे प्रत्येक वेळी नवी छोटी रचना, आणि एक-दोन नाही, बहुतेकदा सहा. लोक त्याला मैफलीचा तिसरा भागच समजतात आणि कोट घ्यायला धावत नाहीत. अर्ध्या-पाऊण तासाचा सोनाटा दहा मिनिटांत मावत नव्हता, त्याचे ‘भाग १’, ‘भाग २’ असे तुकडे पडायचे आणि तुकडा नेमका नको तिथे तुटायचा. वन्समोअर मात्र जणू यूट्यूबसाठीच केल्यासारखे. रामोचा एक तुकडा दोन-तीन मिनिटांचा, शोपँचा मझुर्का तीन-चार मिनिटांचा. सुरुवात आहे, शेवट आहे, टाळ्या आहेत. ते अख्खे चढले, अख्खे फिरले.

म्हणून आज तुमच्या मुलीला पडद्यावर जे सोकोलोव दिसतात, ते बहुतांशी मैफलीच्या शेवटच्या अर्ध्या तासाचे सोकोलोव आहेत. एखाद्या गवयाची फक्त भैरवीच जगाला माहीत असावी तसं काहीसं.

आता त्या रामोकडे जरा जवळून बघू, कारण पोरीचं रडं तिथेच आहे.

जाँ-फिलिप रामो अठराव्या शतकातला फ्रेंच. त्याच्या रचना पियानोसाठी नाहीतच, हार्प्सिकॉर्डसाठी आहेत. त्या वाद्यात पट्टी दाबली की पिसाच्या कण्याचं टोक तारेला छेडतं. जोरात दाबा, हळू दाबा, आवाज जवळपास तेवढाच. पट्टी हलकी आणि उथळ, त्यामुळे बोट नुसतं चाटून गेलं तरी स्वर बोलतो. आवाज लहान-मोठा करता येत नाही, म्हणून एखाद्या स्वराला उठाव द्यायचा तर त्याला मुरकी लावायची, कण लावायचा, ट्रिल लावायची, म्हणजे शेजारचे दोन स्वर भराभर आलटून-पालटून वाजवायचे. रामोच्या पानावर अशा खुणा किती असतात ते मुलीच्या पुस्तकात बघा, पावसाळ्यात दिव्याभोवती पाखरं जमतात तशा. १७२४ च्या संग्रहातला ‘पक्ष्यांची हाक’ हा तुकडा तर जवळपास मुरक्यांवरच उभा आहे. ‘ले सोवाज’ म्हणजे ‘रानटी लोक’ हा दुसरा. १७२५ साली पॅरिसमध्ये अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं नृत्य झालं, ते पाहून त्यानं तो लिहिला.

हे सगळं आधुनिक कॉन्सर्ट ग्रँडवर, म्हणजे मैफलीच्या मोठ्या आडव्या पियानोवर, वाजवायचं म्हणजे काय? पट्टी साधारण दहा मिलिमीटर खाली जाते. खाली न्यायला पन्नासेक ग्रॅम वजन लागतं. त्या पट्टीमागे हॅमर आहे, म्हणजे फेल्ट लावलेली हातोडी, तो तारेपासून साडेचार सेंटिमीटर लांब बसलेला. त्यानं झेप घ्यायची, तारेवर आदळायचं, मागे यायचं आणि लगेच पुन्हा तयार राहायचं. हार्प्सिकॉर्डवर बोटानं चाटून होणारी मुरकी इथे जड यंत्राकडून करून घ्यायची असते. बहुतेक वादक इथे दोनपैकी एक तडजोड करतात. मुरकी पुसट करतात, नाहीतर लय सैल सोडतात. सोकोलोव दोन्ही करत नाहीत. त्यांच्या मुरकीतला प्रत्येक स्वर मोजून घ्यावा इतका सुटा असतो आणि खालची लय जराही हलत नाही. कॅमेरा जवळ असेल तर बोटं बघा. ती पट्टीवरून पूर्ण वर उठतच नाहीत. पट्टी अर्धीअधिक दाबलेली असताना तिथूनच पुन्हा खाली जाते. हे फक्त बोटांचं कसब म्हणून होत नाही. यंत्र त्या पातळीला लावलेलं असावं लागतं.

आमच्या धंद्यात या माणसाबद्दल आदर आहे तो यासाठीच. मैफलीआधी ते काही तास पियानोपाशी घालवतात, यंत्रणा बाहेर काढून बघतात, ट्यूनरशी बरोबरीच्या नात्यानं बोलतात. मी एवढी वर्षं काम करतोय. ‘जरा बघा ना, काहीतरी जड वाटतंय’ यापलीकडे तक्रार सांगता येणारे वादक मला फार भेटले नाहीत. जड म्हणजे पट्टी जड, का हॅमरचा फेल्ट कडक झाल्यामुळे आवाज कोंडतोय, का पेडल उशिरा उचलतंय, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हीची औषधं वेगळी. फेल्टचं औषध म्हणजे त्यात सुया टोचणं. किती टोचायच्या हे हातालाच कळतं, आणि एक जास्त झाली की ती परत घेता येत नाही.

प्रसिद्ध क्लिपांपैकी दुसरा मोठा साठा एका चित्रपटातून आलाय. चित्रपटकार ब्रुनो मॉन्सेंजों यांनी ४ नोव्हेंबर २००२ ला पॅरिसच्या तेआत्र दे शाँझेलिझेमधली अख्खी मैफल चित्रित केली. बेथोव्हेनचे तीन सोनाटे, आर्मेनियन संगीतकार कोमितासची नृत्यं आणि रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हचा सातवा सोनाटा. अंधारलेला हॉल, काळे कपडे, मोठा गोलसर देह, आणि उजेड फक्त हातांवर. त्यातला प्रोकोफिएव्हचा शेवटचा भाग लोकांनी वेगळा काढून फिरवला. सात मात्रांचा, २-३-२ असा. आपल्याला रूपक ३-२-२ असा अंगवळणी पडलेला, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना टाळी चुकते आणि मजा येते. हा सोनाटा युद्धाच्या ऐन मध्यात, १९४३ साली, पियानोवादक रिख्टरनी मॉस्कोत पहिल्यांदा वाजवला. या भागात बरेच तरुण वादक पळत सुटतात. सोकोलोव पळत नाहीत. मालगाडीसारखे येतात आणि शेवटपर्यंत एकही डबा रुळावरून हलत नाही.

हे सगळं मी फक्त सोकोलोवांबद्दल बोलतोय, पण यूट्यूबवर चालणाऱ्या रशियन परंपरेतल्या वादकांचे रस्ते वेगवेगळे आहेत. व्लादिमीर होरोविट्झ साठेक वर्षांनी मायदेशी परतले आणि १९८६ च्या एप्रिलमध्ये मॉस्कोत वाजवलं. त्या मैफलीत शूमानचं ‘ट्रॉयमेराय’ चालू असताना एका श्रोत्याच्या गालावरून अश्रू ओघळतो, ते दृश्य टीव्हीच्या कॅमेऱ्यानं टिपलं आणि पुढे इंटरनेटनं उचललं. येवगेनी किसिन १९८४ साली, बाराव्या वर्षी, शोपँचे दोन्ही कॉन्चेर्टो (ऑर्केस्ट्राबरोबरच्या रचना) वाजवतात, गळ्यात सोव्हिएत बालसंघटनेचा, पायोनियरचा, लाल रुमाल, तेही असंच जुनं चित्रण. तिसरा रस्ता व्हॅलेंतिना लिसित्सा यांचा. जन्म कीएवचा, वादन रशियन घडणीचं. त्यांनी २००७ पासून स्वतःच कॅमेरा लावून व्हिडिओ टाकले, आणि त्या जोरावर २०१२ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलपर्यंत पोचल्या. स्पर्धांची थेट प्रक्षेपणं हा चौथा रस्ता, त्यावरून तर आता दर चार-पाच वर्षांनी नवं नाव येतं. यातल्या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी कॅमेरा मुद्दाम लावला होता. सोकोलोवांच्या बाबतीत तो बरेचदा चोरून लावलेला होता.

हवा किती, हा तुमचा खरा प्रश्न. आकड्यांवरून तो सुटणार नाही. लिसित्सांचे आकडे एका खात्यावर एका ठिकाणी दिसतात. सोकोलोवांचे पन्नास लोकांनी चढवलेल्या पन्नास तुकड्यांवर विखुरलेले, त्यातले काही काढून टाकलेले, काही दुसऱ्याच नावानं परत आलेले. शिवाय रामोचा तीन मिनिटांचा तुकडा दहा वेळा ऐकणाऱ्याचे दहा आकडे लागतात, आणि दोन तासांची मैफल एकदा, पण पूर्ण, ऐकणाऱ्याचा एकच. माझं मत विचाराल तर वादक अव्वल दर्जाचा आहे, त्यात हवा नाही. हवा आहे ती ‘सर्वांत मोठा’ या शब्दात. दुर्मीळ गोष्टीला लोक मनातल्या मनात दोन गुण जास्त देतात. मला स्वतःला त्यांचा शुबर्ट कधीकधी फार जड वाटतो. प्रत्येक वाक्याखाली रेघ मारल्यासारखं. बेथोव्हेनच्या ‘हॅमरक्लाव्हिअर’ सोनाट्यात त्यांनी धरलेली लय काहींना भारदस्त वाटते, मला पहिल्या भागात ती ओढल्यासारखी वाटते. हे मी एका ओळखीच्या चाहत्याला सांगितलं तर तो महिनाभर बोलला नाही. त्यावरून चाहत्यांची जात कळावी.

मुलगी जे ऐकतेय त्याच्या आवाजाबद्दलही सांगायला हवं. एफएम रेडिओवर पंधरा हजार हर्ट्झच्या वरचं काही येत नाही. पियानोचा सर्वांत वरचा स्वर ४१८६ हर्ट्झचा, त्यामुळे स्वर शाबूत राहतात. यूट्यूब साधारण १२८ ते १६० किलोबिटवर आवाज आवळतं, त्यातही स्वर जगतात. मरते ती स्वराची शेपटी. तार वाजल्यावर तिचा आवाज हॉलमध्ये कसा विरतो, पेडल उचलताना काय उरतं, ते आधी जातं. सोकोलोवांचं निम्मं काम त्या शेपटीत असतं. आवळलेला आवाज ओळखायची सोपी खूण म्हणजे टाळ्या. कढईत भजी सोडल्यासारख्या टाळ्या ऐकू आल्या, की समजावं, आधीच्या संगीतातलंही बरंच काही तळून गेलंय.

दुसरी गोष्ट वेगाची. जुन्या टेपा उतरवताना वेग चुकतो, आणि स्वामित्वहक्काच्या आपोआप चालणाऱ्या तपासणीतून निसटायला काही लोक मुद्दाम स्वर थोडा चढवतात. आम्ही ट्यूनिंग फोर्क काढतो. आमचा ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्झचा. युरोपातले हॉल बरेचदा ४४२ ला लावतात, तेव्हा फोर्क आणि क्लिप एकत्र वाजवली की सेकंदाला दोन बीट्स, म्हणजे आवाजाचे दोन हेलकावे, ऐकू येतात, ते ठीक. पण क्लिपमधला ‘ए’ ४६६ च्या आसपास निघाला तर ती अख्खा अर्धा स्वर चढलीय, आणि अवाक करणाऱ्या त्या वेगातही तेवढी भेसळ आहे. एकदा एका विद्यार्थ्यानं मला अशी ‘जगातली सर्वांत जलद’ क्लिप दाखवली, फोर्क लावल्यावर त्याचा चेहरा उतरला. मोबाइलवर फुकटात मिळणारं ट्यूनर अ‍ॅपही हे काम करतं, मुलीला शिकवून ठेवा. नावांवरही आंधळा विश्वास नको. २००७ साली जॉइस हॅटो या ब्रिटिश पियानोवादिकेच्या नावावर निघालेल्या सीडी दुसऱ्यांच्या निघाल्या. एका श्रोत्यानं सीडी संगणकात घातली आणि पडद्यावर लास्लो सिमोन हे भलतंच नाव आलं, तिथून ते उलगडलं.

अधिकृत मुद्रणं आता आहेत. २०१४ साली डॉइशे ग्रामोफोन या जर्मन रेकॉर्ड कंपनीनं सोकोलोवांशी करार केला आणि २०१५ मध्ये साल्झबुर्गची मैफल बाहेर आली. ती वाजवली होती २००८ साली. होकार यायला सात वर्षं! मोत्सार्टचे दोन सोनाटे, शोपँचे चोवीस प्रेल्यूड (छोट्या रचना) आणि नेमके सहा वन्समोअर, त्यात ‘ले सोवाज’ही आहे. विकणारी कंपनी आली म्हणून माणूस बदलला नाही. ब्रिटननं व्हिसासाठी बोटांचे ठसे मागायला सुरुवात केली, तेव्हा हे सोव्हिएत काळासारखं वाटतं म्हणून त्यांनी तिथे वाजवणंच बंद केलं. २०१५ साली क्रेमोनाचा एक संगीत पुरस्कार त्यांनी नाकारला. कारण असं दिलं, की आधीच्या मानकऱ्यांत समीक्षक नॉर्मन लेब्रेख्त यांचं नाव आहे आणि त्या यादीत आपल्याला बसायचं नाही. ते न बोलणारे आहेत, पण मवाळ आहेत असं कुणी समजू नये. तरी या अशा गोष्टींनीच दंतकथा वाढते, आणि दंतकथेबरोबर क्लिपाही.

रशियन कलाकाराची ऑनलाइन लोकप्रियता हा विषय २०२२ नंतर पूर्वीसारखा निरागस राहिलेला नाही, तेही सांगून टाकतो. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर म्युनिक फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्रानं आपले रशियन संचालक गर्गिएव्ह यांना काढलं, त्यामागे त्यांची जाहीर राजकीय जवळीक होती. पण विशीतल्या अलेक्झांदर मालोफिएव्ह या पियानोवादकाचे माँट्रियलमधले कार्यक्रमही रद्द झाले, आणि त्यानं तर युद्धाविरुद्ध लिहिलं होतं. लहानपणापासूनच्या क्लिपांनी मिळवलेले लाखो चाहते त्या आठवड्यात त्याच्या काही कामी आले नाहीत. सोकोलोव युरोपात वाजवत राहिले.

आता पोरीनं काय ऐकावं. रामो सोडायला सांगू नका, तिला तिथूनच दार उघडलंय. पण एक अट घाला. आठवड्यातून एकदा साल्झबुर्गची मैफल सुरुवातीपासून ऐकायची, मध्ये न थांबता, आणि मोबाइलच्या स्पीकरवर नाही, बऱ्या हेडफोनवर. शोपँचे चोवीस प्रेल्यूड सलग ऐकले की कळतं, की हा माणूस चोवीस तुकडे वाजवत नाही. एक संपतो तो दुसऱ्याच्या उंबऱ्यावर. त्यानंतर वन्समोअर आला की तो वेगळाच लागतो, पोटभर जेवणानंतरच्या विड्यासारखा. पुढची पायरी म्हणून एस्टरहाझी राजवाड्यातलं २०१८ चं मुद्रण घ्या, त्यात हायडनचे तीन सोनाटे आहेत. ते तिच्या आवाक्यातले आहेत, निदान पुस्तक पुढ्यात ठेवून ऐकायला. पुस्तक म्हणजे छापील स्वरलिपी, ती समोर ठेवूनच. आणि शेवटी पॅरिसची फिल्म, हात बघायला.

प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर त्यांना इथे आणण्याच्या गोष्टी विसरा. ते युरोपाबाहेर जात नाहीत. पण म्युनिक-फ्रँकफुर्टकडे मराठी घरं आता काही कमी नाहीत, तुमचंही कुणी तिकडे असेल. उन्हाळ्यात साल्झबुर्ग, एरवी व्हिएन्ना, बर्लिन, ते बहुतेक दर वर्षी असतात. तिकीट लवकर काढा आणि परतीची गाडी उशिराची ठेवा. सहा वन्समोअर सोडून स्टेशनकडे पळावं लागलं तर मुलगी तुम्हाला जन्मभर ऐकवेल.

मुरक्यांचं आता. तुम्ही लिहिलंय की घरी अपराइट, म्हणजे उभा पियानो, आहे. मग आधी पोरीला जवळ बसवून हे सांगा: दोष निम्म्याहून जास्त पियानोचा आहे. ग्रँडमध्ये रिपिटिशन लिव्हर नावाचा एक भाग असतो, एरार घराण्यानं १८२१ साली त्याचं पेटंट घेतलं. तो हॅमरला तारेजवळच धरून ठेवतो, म्हणून पट्टी पूर्ण वर न येताही पुन्हा वाजते. वर मी सोकोलोवांच्या बोटांबद्दल जे लिहिलं, ते या लिव्हरच्या जोरावर. अपराइटमध्ये तो नसतो. तिथे पट्टी जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय जॅक, म्हणजे हॅमरला ढकलणारा दांडा, हॅमरखाली परत बसतच नाही. चांगल्या ग्रँडवर एक पट्टी सेकंदाला चौदाएक वेळा वाजवता येते, अपराइटवर सातेक. ती क्लिप बघून बोटं पट्टीला चिकटवून ठेवते, आणि तिच्या वाद्यावर नेमकं तेच चालत नाही. घरी तिनं बोट थोडं जास्त उचलावं, मुरकी दोन वळशांऐवजी एकाच वळशाची घ्यावी, लय आहे तीच ठेवावी. शिकवणाऱ्या बाईंना विचारा, त्या हेच सांगतील.

आणि तरीही काही पट्ट्या अडकत असतील तर ट्यूनरला बोलवा, पण ‘ट्यूनिंग करा’ एवढंच सांगून सोडू नका. रेग्युलेशन, म्हणजे आतल्या यंत्रणेची जुळणी, बघायला सांगा. पट्टी आणि हॅमर यांच्यामध्ये मोकळी जागा पडलीय का, म्हणजे पट्टी जराशी दबते तरी हॅमर हलतच नाही असं होतंय का, ते त्याला विचारा. पुण्याच्या पावसाळ्यात पट्ट्यांच्या भोकांतलं कापड ओल धरून फुगतं आणि पट्टी वर यायला आळस करते, ते तर जुलै-ऑगस्टमध्ये घरोघरी होतं. पियानो बाहेरच्या भिंतीला टेकवलेला असेल तर हातभर पुढे घ्या. माणूस आला की मुलीला शेजारी उभं करा आणि पुढची फळी काढून आत काय चाललंय ते तिला बघू द्या. त्याला घाई असली तरी.